व्हॅलेन्सियाचा पाट आणि आपली पाणीपाळी

स्पेनला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "अलहमरा पाहिला का?" आणि दुसरा, "कुर्तुब्याच्या मस्जिदीत नमाज पढू देतात का?" गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं नवरा-बायको अकरा दिवस स्पेनमध्ये होतो. माझा भाचा व्हॅलेन्सिया शहरात शिकतो. राहण्याचा खर्च वाचला, म्हणून हे जमलं. नाहीतर दोन शिक्षकांच्या पगारात हा विचार कोण करतो? परत आल्यापासून स्टाफरूममध्ये, मोहल्ल्यात, लग्नाच्या दस्तरखानावर हेच दोन प्रश्न ऐकतेय. दोन्हींची उत्तरं देते. पण मला खरं सांगायचं आहे ते पाण्याविषयी. जालना जिल्ह्यातल्या बाईने दुसरं काय सांगावं!

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. आपल्या घरांत अंदलुस आला तो पुस्तकांतून. जालना निजामाच्या राज्यात होतं, त्या काळात हैदराबादचे सय्यद अली बिलग्रामी यांनी गुस्ताव ल बों या फ्रेंच लेखकाच्या ग्रंथाचा 'तमद्दुने अरब' हा उर्दू तर्जुमा केला. उस्मानिया युनिव्हर्सिटीच्या दारुल तर्जुमाचे मौलवी इनायतुल्लाह यांनी 'अंदलुस का तारीखी जुग्राफिया' लिहिला. पुढच्या पिढीने नसीम हिजाजींच्या 'शाहीन' आणि 'यूसुफ बिन ताशफीन' या कादंबऱ्या रात्र रात्र जागून वाचल्या. आमच्या अब्बांच्या लोखंडी पेटीत त्या अजून आहेत, पानं सुटलेली. शिवाय अल्लामा इक्बाल 1933 साली कुर्तुब्याला जाऊन आले आणि त्यांनी त्या मस्जिदीवर लिहिलेली नज्म उर्दूच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. या सगळ्यातून आपल्या मनात जो स्पेन तयार झाला त्यात तलवारी आहेत, महाल आहेत आणि खूप अश्रू आहेत. शेतकरी मात्र शोधून सापडत नाही. आणि आजचा जिवंत स्पॅनिश माणूस तर अजिबातच नाही.

आता उत्तरं. कुर्तुब्याच्या मस्जिदीत नमाज पढू देत नाहीत. पहिल्या अब्दुर्रहमानने आठव्या शतकाच्या शेवटी तिची सुरुवात केली, पुढच्या राज्यकर्त्यांनी ती वाढवत नेली. आत आठशेहून जास्त खांब आहेत, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी. मधोमध सोळाव्या शतकात कॅथेड्रल बांधलं गेलं आणि आज ती अधिकृतपणे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ आहे. 2010 साली ऑस्ट्रियाहून आलेल्या मुस्लिम पर्यटकांपैकी काहींनी तिथे नमाज सुरू केली तेव्हा पहारेकऱ्यांशी झटापट झाली, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. मेहराबीच्या सोनेरी नक्षीसमोर उभं राहिल्यावर मन भरून येतं, खोटं कशाला सांगू? पण आपण पाहुणे म्हणून तिकीट काढून गेलो आहोत. दुआ मनातल्या मनात करायला कोणाची परवानगी लागत नाही. प्रार्थनास्थळांवरून भांडण पेटलं की सामान्य माणसाच्या घरात काय होतं, हे भारतातल्या आपल्याला तरी वेगळं शिकवायला नको. ज्यांना जमातने नमाज हवी त्यांच्यासाठी गरनात्यात अलबायसीनच्या टेकडीवर 2003 साली उघडलेली नवी मस्जिद आहे. तिच्या बागेतून समोरच्या डोंगरावर अलहमरा दिसतो.

आणि हो, अलहमरा पाहिला. तिकीट बरंच आधी ऑनलाइन काढावं लागतं, पासपोर्टच्या नावावर, आणि नस्री महालांत शिरण्याची वेळ त्यावर छापलेली असते. ती चुकली की महाल बाहेरूनच पाहायचे. भिंतीभिंतीवर "अल्लाहशिवाय कोणी विजयी नाही" या अर्थाची अरबी ओळ इतक्या वेळा कोरली आहे की मोजायचं मी सोडून दिलं. माझ्या नवऱ्याचं लक्ष मात्र भिंतींवर नव्हतंच. ते शेतकरी घरातले. ते विचारत होते, "एवढ्या उंच डोंगरावर पाणी चढवलं कसं?" चढवलं नाही, वरून आणलं. तेराव्या शतकात दार्रो नदीचं पाणी सुमारे सहा किलोमीटर वरून अडवून पाटाने महालापर्यंत आणलं. सिंहांच्या चौकातलं कारंजं, बागेतले हौद, हमाम, सगळं त्या एका पाटावर. त्या पाटाचं नाव आजही 'असेकिया रेआल', म्हणजे शाही पाट.

असेकिया. हा शब्द कानावर पडला आणि मी थांबले. अरबीत 'अस्-साकिया', पाणी पाजणारी, पाट. आपल्या गझलेतला साकी त्याच धातूचा, आणि खांद्यावर मशक घेऊन फिरणारा सक्का, ज्याला आपण भिश्ती म्हणतो, तोही त्याच घरातला. उर्दू शिकवताना इतकी वर्षं साकीवर बोलले, पण त्याची एक बहीण स्पेनच्या शेतात आजही राबते आहे हे पहिल्यांदा कळलं. मग तर मला नादच लागला. तांदूळ 'आरोस', साखर 'असूकार', तेल 'असेइते', कापूस 'अल्गोदोन', गवंडी 'अल्बान्यिल', टाकं 'अल्हीबे', नगराध्यक्ष 'अल्काल्दे', म्हणजे आपला काझी! बाजारात भाजीवाली बाई "ओहाला" म्हणून सुस्कारा टाकते, तो आपल्या इन्शाअल्लाहचाच भाऊबंद. आणि रस्त्याकडेच्या झाडाला 'नारान्हो' म्हणतात, ते नारिंग तर आपल्याच बाजूने, संस्कृत, फारसी, अरबी असा प्रवास करत तिकडे पोहोचलेलं. कुर्तुब्याच्या मस्जिदीच्या सहनात ही झाडं रांगेने लावलेली आहेत. फळ मात्र कडू. नवऱ्याने पडलेलं एक उचलून चाखलं आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "याला आपल्या मोसंबीची सर नाही."

व्हॅलेन्सियात आम्ही जास्त दिवस राहिलो. तिथे पहिल्यांदा गोंधळ होतो तो वेळेचा. दुपारचं जेवण दोन-अडीचला, रात्रीचं नऊ-दहाला. दोन ते पाच बरीचशी दुकानं बंद. आपल्याला वाटतं, हे लोक आळशी आहेत. पण नमाजच्या वेळापत्रकाने माझा गैरसमज दूर केला. मे महिन्यात तिथे जुहरची वेळ दुपारी दोनच्या सुमारास सुरू होते आणि मगरिब रात्री नऊनंतर! म्हणजे घड्याळात दोन वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर येतो. 1940 साली फ्रँकोच्या सरकारने घड्याळं मध्य युरोपाबरोबर पुढे केली, ती तशीच राहिली. उन्हाळ्यात त्यात आणखी एक तास मिळवतात. स्पॅनिश माणूस उशिरा जेवत नाही, तो सूर्याप्रमाणेच जेवतो, घड्याळच पुढे पळतं. संध्याकाळी ऊन उतरलं की सगळं शहर बाहेर पडतं. आजी-आजोबा, सुना, तान्ही मुलं, सगळे चौकात. रात्री दहाला मुलं चेंडू खेळताहेत आणि म्हाताऱ्या बायका बाकावर बसून गप्पा मारताहेत. युरोपात कुटुंब उरलं नाही असं आपल्याकडे व्याख्यानांत फार ऐकलं होतं. त्या बाकावरच्या बायकांना पाहून मला आमच्या गल्लीतल्या ओट्यांची आठवण झाली.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण बायका हेच विचारतात. डुकराचं मांस तिथे दुकानादुकानांत छताला टांगलेलं असतं, त्याला घाबरून चालत नाही, बघून खायचं. मासे, ऑलिव्ह, फळं, ब्रेड यांची कमी नाही. अंडी-बटाट्याची जाड 'तोर्तिया' पोटभर होते. मिठाईत सावध राहा. 'मांतेकादो' नावाची खुसखुशीत वडी आपल्या नानखटाईसारखी दिसते, पण ती परंपरेने डुकराच्या चरबीत करतात. 'मांतेका' हा शब्द पाकिटावर दिसला की विचारून घ्यावं. व्हॅलेन्सियाचं खास पेय 'ओर्चाता'. 'चुफा' नावाचे छोटे कंद भिजवून, वाटून, गाळून करतात, थंडगार पितात. दारूचा संबंध नाही. आम्ही रोज प्यालो.

आता गुरुवारची गोष्ट. व्हॅलेन्सियाच्या मोठ्या कॅथेड्रलला एक दरवाजा आहे, प्रेषितांचा दरवाजा. हे कॅथेड्रल जुन्या जामा मस्जिदीच्या जागेवर उभं आहे. दर गुरुवारी दुपारी मनोऱ्याची घंटा बारा ठोके देऊ लागते, तेव्हा आठ शेतकरी काळे सदरे घालून येतात आणि दरवाज्याबाहेर गोल मांडलेल्या चामड्याच्या खुर्च्यांवर बसतात. हे पाण्याचं न्यायालय. तुरिया नदीतून निघणाऱ्या आठ पाटांचे हे आठ प्रतिनिधी, त्या त्या पाटावर पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांनीच निवडलेले. वकील नाही, कागद नाही, टायपिस्ट नाही. हातात पितळी आकड्याची काठी घेतलेला शिपाई उभा राहून एकेका पाटाचं नाव पुकारतो: त्या पाटावर कोणाविरुद्ध तक्रार आहे का? क्वार्त, मिस्लाता, फावारा, रास्कान्या, रोवेया... या शिपायाला 'अल्ग्वासील' म्हणतात. हा शब्द 'अल-वजीर'चा. वजिराचा शिपाई झाला, काळाची करामत!

आम्ही गेलो त्या गुरुवारी एकही तक्रार नव्हती. नावं पुकारून झाली, खुर्च्या रिकाम्या झाल्या. पाचेक मिनिटांत संपलं. आजूबाजूचे पर्यटक मोबाइल वर धरून उभे होते, त्यांची निराशा झालेली दिसत होती. भाच्याने मला पद्धत समजावून सांगितली. पाळी नसताना पाणी घेतलं, शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडून पीक बुडवलं, आपल्या हिश्श्याचा पाट साफ ठेवला नाही, अशा तक्रारी इथे येतात. दोघांना समोर उभं करतात, तोंडीच विचारतात, लागलं तर जागेवर जाऊन पाहतात, आणि तिथल्या तिथे निकाल देतात. नदीच्या एका काठावरच्या पाटाचा तंटा असेल तर निकाल दुसऱ्या काठावरचे प्रतिनिधी देतात. ज्याच्या पाटाची भानगड, तो न्यायाला बसत नाही. निकालावर अपील नाही. हे काही नुसतं जत्रेतलं सोंग नव्हे. स्पेनच्या कायद्याने त्याला न्यायालय म्हणून मान्यता दिलेली आहे आणि 2009 साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं.

ही पद्धत नेमकी कधी सुरू झाली? परंपरा सन 960 सांगते, म्हणजे कुर्तुब्याच्या खिलाफतीचा काळ. 1960 साली तिथल्या लोकांनी हजार वर्षं साजरी केली. 1238 मध्ये राजा हाउमे याने व्हॅलेन्सिया जिंकलं तेव्हा त्याने पाण्याची वाटणी मुसलमानांच्या काळी होती तशीच ठेवण्याचा हुकूम दिला. शहाणा राजा म्हणायचा. महाल बदलता येतात, पण पाट मोडला तर दुसऱ्या वर्षी खायचं काय? न्यायालय दरवाज्याबाहेर का बसतं, याचीही एक कथा सांगतात: मुसलमान शेतकऱ्यांना कॅथेड्रलच्या आत येता येत नव्हतं, म्हणून सगळे बाहेर बसू लागले. कथा खरी असो वा नसो, चांगली आहे.

त्यानंतरचा इतिहास मात्र चांगला नाही. 1609 साली राजाच्या फर्मानाने मोरिस्को लोकांना, म्हणजे जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर घालवायला सुरुवात झाली. पहिली पाळी आली ती व्हॅलेन्सियाची. तिथे लोकसंख्येत साधारण तिसरा हिस्सा त्यांचा होता. गावंच्या गावं ओस पडली. ज्यांच्या वाडवडिलांनी पाट खणले ते जहाजांत बसून गेले आणि पाट मात्र वाहत राहिले, नावांसकट. नसीम हिजाजींच्या कादंबऱ्या वाचून मी गरनात्यात रडेन असं मला वाटलं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते इथे, एका साध्या मातीच्या बांधावर.

तो बांध शहराच्या उत्तरेला, आल्बोराया गावाच्या रानात. भाच्याच्या ओळखीतून एका वयस्कर शेतकऱ्याने आम्हाला त्याचं चुफाचं शेत दाखवलं. पाटाचं लोखंडी दार, ते उचलायचा दांडा, मोजून वाहणारं पाणी. माझ्या नवऱ्याला भाषा येत नव्हती आणि त्याला मराठी, पण दोघं दाराजवळ उकिडवे बसून अर्धा तास हातवारे करत होते. मी भाच्याकरवी विचारलं, दुष्काळात काय करता? तो म्हणाला, नदीच आठ जणांत हिश्श्याने वाटलेली आहे, लिटरवर नाही. पाणी घटलं तर सगळ्यांचंच घटतं. "मग भांडणं?" भांडणं होतातच. पण बहुतेक बुधवारी संध्याकाळी मिटतात, कारण गुरुवारी चारचौघांसमोर त्या दरवाज्याशी उभं राहायची लाज वाटते.

स्पेनच्या काही भागांत पाण्याच्या अशा पाळीला 'दुला' म्हणतात. अरबी 'दूला', आळीपाळीने हातोहात फिरणारी गोष्ट. आपली 'दौलत' याच धातूची. सूरह हश्रमध्ये संपत्ती केवळ श्रीमंतांच्या आपसांत फिरत राहू नये असं म्हणताना हाच शब्द आला आहे. दौलत म्हणजे साठवलेलं नव्हे, पाळीने फिरणारं, हे मला वर्गात मुलांना सांगायला फार आवडेल.

हे सगळं आपल्याकडे नव्हतं असं मात्र कोणी समजू नये. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधारा, त्यावरून निघालेला पाट, शेतांचे फड, पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, आणि पाणी कमी झालं तर कोणत्या फडात काय पेरायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आपल्या जालन्यातही सोळाव्या शतकात जमशेद खानाने काळी मस्जिद, हमाम आणि सराई बांधली, मोती तलाव केला आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी शहरात पाणी आणलं. औरंगाबादेत मलिक अंबरची नहर तर सगळ्यांना माहीत आहे. आजच्या काळातलं पाहायचं तर जालना तालुक्यातलं कडवंची. पाणलोटाचं काम आणि शेततळ्यांच्या जोरावर या कोरडवाहू गावाने द्राक्षं पिकवली. आपल्याला तलाव बांधता येतात, नळ टाकता येतात. घोडं अडतं ते पाळीवर.

माझ्या माहेरचंच उदाहरण देते. अंबड तालुक्यात भावाची मोसंबीची बाग होती. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागांबरोबर तीही वाळली. टँकरने पाणी घालून पाहिलं, शेवटी कुऱ्हाड लावली. भावाने नंतर पुन्हा झाडं लावली, ठिबक केलं. पण विहीर सामाईक आहे, चार हिस्सेदार. मोटारीच्या दोन तासांच्या पाळीवरून भावाचं आणि चुलत भावाचं जे बिनसलं ते कोर्टात गेलं आणि सहा वर्षं तारखा चालू आहेत. वकिलांच्या फीमध्ये दुसरी विहीर खणून झाली असती. दोघं एकाच मस्जिदीत एका सफमध्ये उभे राहतात आणि ईदला एकमेकांच्या घरी जात नाहीत.

व्हॅलेन्सियाचे फोटो मी दोन्ही घरांत दाखवले, वेगवेगळे जाऊन. चुलत भाऊ बराच वेळ त्या आठ खुर्च्यांच्या फोटोकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "आपा, हे सगळे स्वतः शेती करणारे आहेत ना?" मी हो म्हणाले. भाऊ जास्त व्यवहारी. तो म्हणाला, "तिथे या काठाचा न्याय त्या काठाचे करतात. आपल्या विहिरीला दुसरा काठ कुठून आणायचा?" मी म्हटलं, शेजारच्या गावातली ज्यांचं या विहिरीशी काही घेणं-देणं नाही अशी चार मोसंबीवाली माणसं मिळणार नाहीत का? त्यावर तो काही बोलला नाही. पण नाहीही म्हणाला नाही. गावातल्या एका मोठ्या चाचांच्या कानावर मी ही गोष्ट घातली आहे, पुढचं इन्शाअल्लाह त्यांच्याकडून कळेल.

तुमच्यापैकी कोणी स्पेनला जाणार असेल तर शेंगेन व्हिसासाठी पुरेसे दिवस हाताशी ठेवा. प्रवासाचा विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. माद्रिदहून व्हॅलेन्सिया वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आत येतं. कुर्तुबा, गरनाता जरूर करा, पण आखणीत एक गुरुवार व्हॅलेन्सियासाठी राखून ठेवा आणि बाराच्या पंधरा मिनिटं आधी प्रेषितांच्या दरवाज्याशी जाऊन उभे राहा. उशीर झाला तर रिकाम्या खुर्च्याच पाहायला मिळतील.